बर्फाच्या पेटीतलं दूध

आम्ही गाव सोडलं तेव्हा सासूबाई बैलगाडीच्या मागोमाग नदीच्या उतारापर्यंत चालत आल्या. त्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो. पाण्यात शिरण्याआधी गाडीवानानं बैल थांबवले, तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या मांडीवर दशम्यांचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाल्या, "परक्या मुलखात चाललीस. पाणी कुणाच्या घरचं हाय ते बघून पीत जा." मामंजी उतारापर्यंत आलेच नाहीत. ओसरीवर बसल्या जागेवरून त्यांनी ह्यांना एवढंच सांगितलं होतं की, नोकरी तिकडं कर, पण घर इथं आहे हे ध्यानात ठेव.

जिंतूरकडची माणसं हे वाचून ओळखीचं हसतील. जे गावात राहिले त्यांनी असंच काहीतरी सांगितलं आणि जे निघाले त्यांनी ते ऐकलं. मी दोघांसाठीही लिहिते आहे. पुढच्या महिन्यात आमच्या शोभाचं लग्न आहे, आणि त्यातल्या एका मानावरून गावाकडून विचारणा होते आहे. तोंडी उत्तर देत बसले तर प्रत्येकाला वेगळं ऐकू जाईल. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं मांडते. माझ्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. मापात हात आखडायचा नाही आणि सैलही सोडायचा नाही, असं ते म्हणायचे. तेच इथं पाळेन.

पंचावन्न सालची गोष्ट. पिंपरीला औषधाचा नवा सरकारी कारखाना निघाला होता आणि तिथं बाटल्या धुण्याच्या विभागात ह्यांना काम लागलं. परभणीहून मनमाड, तिथं गाडी बदलून दौंड, मग पुणे, मग चिंचवड. स्टेशनवर उतरले तेव्हा मला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो. शहर म्हणून जे माझ्या डोळ्यांपुढं होतं त्यातलं काहीच तिथं नव्हतं. ज्वारीची शेतं, बाभळी, मुंबईला जाणारा रस्ता आणि रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. त्यातली एक आमची.

शेजारची खोली बाबूभाईंची, आणि तिच्यापुढं त्यांचं सोडावॉटरचं दुकान. ते मूळचे जवळच्याच चिखली गावचे, तिथल्या जुन्या मुसलमान घरातले. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा जास्त तिथल्या मातीतली. मी "काय करायलाव?" म्हटलं की त्यांची बायको हमीदाभाबी तोंडाला पदर लावून हसायची. गंमत अशी की बाबूभाईंना उर्दू वाचता येत नव्हतं आणि हे निजामाच्या राज्यातले म्हणून सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. सोड्याच्या बाटल्या गुंडाळायला पुण्याहून उर्दू रद्दी यायची, ती हे दुकानाच्या फळीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. बाबूभाई म्हणायचे, "राव, खरे मुसलमान तुमीच. आमी आपले नावाचे."

ह्यांचं तसं होतं, पण माझं निराळं. मी त्यांच्याकडचं पाणी घेत नसे. आत्याबाईंनी निघताना जे सांगितलं त्यामागं काय होतं ते मला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीसच्या रझाकारी धामधुमीत मामंजींचं दुकान लुटलं गेलं. त्यानंतर आमच्या गावातली किती मुसलमान घरं ओस पडली तेही मी पाहिलेलं आहे, पण ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. हमीदाभाबीनं माझा संकोच पहिल्याच आठवड्यात ओळखला. तिनं पाणी कधी विचारलं नाही. उन्हाची आले की गोटीची बाटली पुढं करायची आणि म्हणायची, "घ्या वहिनी, ह्याला कुनाचाच हात न्हाई लागलेला. मशीननं भरलंय." मी ती घ्यायची. तिच्या बोलण्यातला टोला मला कळत होता आणि मला कळतो हे तिलाही कळत होतं.

माझी आधीची दोन बाळं गावी असतानाच दगावली होती, एक जन्मतःच आणि एक बारशाच्या आत. म्हणून तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आत्याबाई बाळंतपणासाठी स्वतः इकडं आल्या. पण चैत्रातच, आठव्या महिन्यात, माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. आत्याबाईंनी ते तोंडातून काढलं नाही, पण मी पुण्याच्या दवाखान्याला निघेपर्यंत त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

मुलगी झाली. तीच आमची शोभा. तिला चोखता येत नव्हतं. कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून, नर्स तिला ड्रॉपरनं पाजायच्या. मला ठेवून घ्यायला तिथं खाट नव्हती. मी उभी राहू लागल्यावर त्यांनी मला घरी पाठवलं आणि तिला ठेवून घेतलं. डब्याचं दूध पाजून पाहिलं होतं, तेव्हा तिचं पोट फुगलं आणि ती निळी पडली. म्हणून वॉर्डातल्या सिस्टरनं मला बजावलं, आईचंच दूध पाहिजे, काढून पाठवत जा. बाटली उकळलेली असावी, दूध गार राहावं आणि बाटलीत दुधाशिवाय दुसरं काही नसावं. मी ते वाटेत पुटपुटत आले.

रोज स्वतः जायचं असं मी ठरवलं होतं, पण दुसऱ्याच खेपेला स्टेशनच्या पायऱ्यांवर घेरी येऊन पडले आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. ह्यांना नव्या नोकरीत शिफ्ट चुकवता येत नव्हती. मुलगी पुण्यात, दूध चिंचवडला आणि मध्ये चैत्रातलं ऊन, अशी आमची अवस्था होती.

ह्यांनी केमिस्टकडून दूध काढायचा पंप आणला. काचेचा लहानसा कर्णा, त्याला खाली काचेचंच पोट आणि मागं लाल रबरी फुगा. फुगा दाबून कर्णा छातीला लावायचा आणि फुगा सोडायचा. कारखान्यात बाटल्या कशा उकळतात ते ह्यांनी मला दाखवलं होतं, तसा मी तो पंप उकळायची, पाटावर बसायची आणि भिंतीकडं तोंड करून फुगा दाबायची. सुरुवातीला नुसतं दुखायचं. काचेच्या आत वाफ धरायची, दूध थेंबाथेंबानं उतरायचं. दवाखान्यातून दिलेल्या दोन बाटल्यांवर औंसाच्या रेघा होत्या. पहिल्या रेघेपर्यंत दूध चढायला सबंध सकाळ जायची.

आत्याबाई चुलीशी बसून हे बघायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "म्हशीचंबी रेडकू म्होरं बांधतेत, तवा कुठं ती पान्हा सोडती. आन् तू रबराला दूध पाजायलीस." मला राग आला. त्या खोटं बोलत असत्या तर इतका आला नसता.

दूध पोचवायचा प्रश्न बाबूभाईंनी सोडवला. ते रोज सकाळच्या गाडीनं पुण्याला बर्फ आणायला जायचे. लादी पोत्यात आणि भुशात गुंडाळून आणायची, दुकानातल्या पत्रा ठोकलेल्या लाकडी पेटीत ठेवायची आणि दिवसभर सोडा गार करून विकायचा, हा त्यांचा धंदा. ते ह्यांना म्हणाले की, जाताना माझे हात रिकामेच असतात, बाटली देत जा. रात्रभर दूध टिकवायचं तर तेही बर्फाच्या पेटीतच ठेवायला हवं होतं. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी रस्त्यावरचे ट्रकवाले बर्फासाठी थांबायचे. पण बाबूभाई पेटीतला शेवटचा तुकडा विकत नसत. तो आमच्या बाटलीचा. सकाळी तोच तुकडा ते एका कडीच्या डब्यात घालायचे, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या उभ्या करायचे आणि डबा हातात घेऊन गाडीत बसायचे.

चार-सहा दिवस हे सुरळीत चाललं. सिस्टरचा निरोप आला की वजन उतरायचं थांबलं आहे. मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

दिवसभराचं दूध दिवे लागायच्या सुमारास बाबूभाईंच्या पेटीत जायचं. तिन्हीसांजेला घरातलं दूध बाहेर देऊ नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. द्यायचीच वेळ आली तर दृष्ट लागू नये म्हणून दुधात कोळशाचा खडा टाकून देतात. आत्याबाईंनी जन्मभर म्हशीचं दूध तसंच दिलं होतं. इथं तर दूध म्हशीचं नव्हतं. बाळंतिणीच्या अंगावरचं होतं, तेही परक्याच्या दुकानात चाललेलं आणि उद्या गाडीत कुणाकुणाच्या नजरेखालून जायचं होतं. त्यांनी काही दिवस सोसलं. मग एका संध्याकाळी मी हात धुवायला उठले असताना त्यांनी चुलीतला एकेक खडा विझवून दोन्ही बाटल्यांत टाकला, बुचं लावली आणि फडकी गुंडाळून ठेवली. मनापासून, नातीच्या भल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूभाई बर्फ घेऊन परत आले. दुकान न उघडता सरळ आमच्या दारात आले. डबा उंबऱ्यावर ठेवला. बाटल्या रिकाम्या आणि धुतलेल्या होत्या. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "वहिनी, सिस्टरनी दूध मोरीत ओतलं. तळाला काळं होतं. मला इचारलं, काय घातलंस म्हून. आता माझ्या हातचं दूध घ्यायचं न्हाई असं वॉर्डात सांगून ठिवलंय."

आत्याबाई आतून उठून आल्या आणि म्हणाल्या, "मीच टाकला. कोळसा व्हता. दृष्ट लागू नये म्हून."

बाबूभाईंनी बर्फाचं पोतं खाली टेकवलं. मग म्हणाले, "आजी, तुमी टाकला ते चांगल्यासाठी. पन चार मानसांत माझा हात खोटा ठरला."

त्या दिवशी शोभाला डब्याचं दूध द्यावं लागलं होतं आणि तिनं ते ओकून टाकलं होतं. हे त्यांनी ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं, मला नाही. पण पत्र्याच्या खोल्यांत बाजूला असं काही नसतं. मी पाटावर बसून फुगा दाबला. काहीच आलं नाही. दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या, अंगात ताप भरला, पण काचेत थेंब उतरेना.

पुढच्या सकाळी आत्याबाईंनी लुगडं नीट नेसलं आणि बाबूभाईंच्या दुकानापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी दारातून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "मला संगं न्या. कोळसा कुणी टाकला ते मी माझ्या तोंडानं सांगते." आगगाडीत त्या त्याआधी आयुष्यात एकदाच बसल्या होत्या, इकडं येताना. बाबूभाई रिकामी पोती घेऊन पुढं आणि त्या मागं, असे दोघं स्टेशनकडं गेले.

दवाखान्यात काय झालं ते नंतर बाबूभाईंनी सांगितलं. आत्याबाईंनी भर वॉर्डात, सगळ्या बायांसमोर सिस्टरला सांगितलं की, ह्या माणसानं दूध राखलं, नासवलं ते मी. सिस्टर रागावल्या, मग मवाळ झाल्या. बाबूभाईंच्या हातून दूध घ्यायला पुन्हा कबूल झाल्या. मग त्यांनी आत्याबाईंना काचेतून शोभा दाखवली आणि म्हणाल्या की, आजी, भांडण मिटलं, पण दूध कुठं आहे? दोन दिवसांत आलं नाही तर मी काही सांगू शकत नाही.

परत आल्यावर आत्याबाई माझ्याजवळ आल्या नाहीत. त्या हमीदाभाबीच्या दारात गेल्या. तिचा यूसुफ तेव्हा पाचेक महिन्यांचा होता, अंगानं भरलेला, सदा भुकेला. आत्याबाई उंबऱ्याबाहेर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझं लेकरू दे. सुनंच्या मांडीवर घालते. लेकरू म्होरं आल्याबिगर हिचा पान्हा फुटायचा न्हाई."

मी आत तापानं पडले होते आणि प्रत्येक शब्द ऐकत होते. हमीदाभाबी लगेच हो म्हणाली नाही. तिनं बाबूभाईंना हाक मारली. मग तिनं जे सांगितलं ते मी आज अठरा-एकोणीस वर्षांनीही तिच्याच शब्दांत सांगू शकते. "आमच्यात असं हाय आजी. जिचं दूध प्यालं ती आई. तिची पोरं ती ह्याची भावंडं. ते कुटं लिवून ठेवत न्हाईत, पन मोडता बी येत न्हाई. तुमी उद्या गावाला जाल, ईसरून जाल. आमाला ईसरता येनार न्हाई. म्हून आदी सांगती."

बाबूभाई म्हणाले की, हो, असंच आहे. सोयीपुरतं घेतलं असं यात नसतं.

आत्याबाईंच्या मनात काय काय आलं असेल याचा मी अंदाज करू शकते, पण तो अंदाजच राहील. शेवटी त्या म्हणाल्या, "आधी ती जगू दे माय. जगली तर तिला भाऊ लागलच की."

यूसुफला माझ्या मांडीवर दिलं. तो आधी माझ्या तोंडाकडं संशयानं बघत राहिला. मग त्यानं एका मुठीत माझा पदर धरला आणि तोंड लावलं. दुखणं इतकं होतं की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आत्याबाईंनी पंप माझ्या दुसऱ्या बाजूला धरला. आणि थोड्या वेळानं, त्या फुगा दाबायच्या आधीच, काचेत दुधाची धार पडली.

सुख झालं असं मी लिहिलं तर ते मापात बसणार नाही. मांडीवर मूल होतं, उबदार, जड, आणि ते माझं नव्हतं. माझं मूल कापसात होतं. यूसुफचा प्रत्येक घोट मला ऐकू येत होता आणि एवढं शोभाचं कमी झालं असं मनात येत होतं, जरी हा नसता तर एक थेंबही आला नसता हे दिसत होतं. पुढं रोज तो एका बाजूला आणि पंप दुसऱ्या बाजूला असं चाललं. हमीदाभाबी दाराशी बसून तांदूळ निवडायची आणि त्याला दटावायची, "आरं, बहिनीला ठिव काई. सगळं तूच वढतोस व्हय?" ती हसायची, पण तिचंही लक्ष काचेकडंच असायचं.

त्या पहिल्या संध्याकाळी बाटली बाहेर निघाली तेव्हा आत्याबाई हातात कोळसा घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी काळ्या चिंधीत तो बांधला आणि चिंधी डब्याच्या कडीला बाहेरून गाठवली. बाबूभाईंनी ती तशीच राहू दिली. शोभा घरी येईपर्यंत ती चिंधी पुण्याला जात-येत होती. सिस्टरनं एकदा विचारलं म्हणे, हे काय? बाबूभाईंनी सांगितलं, "आजीचं लायसन हाय."

उन्हाळा सरता सरता शोभा घरी आली. तिला छातीला धरायला शिकवणं हा पुढचा एक महिना झाला, पण ती जगली. कोणत्या गोष्टीनं जगली, हे मला नेमकं सांगता येत नाही. सिस्टरचं लक्ष होतं, बर्फ होता, दूध माझं होतं, आणि ते यूसुफनं उतरवलं होतं. यातलं एक काढून घेतलं तर बाकी काय उरलं असतं याचा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिला. तो जमत नाही.

आत्याबाई गावी निघाल्या त्या दिवशी टांगा दाराशी होता. आमच्या घरात माठ भरलेला होता. तरी त्या हमीदाभाबीच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "लई ऊन हाय. पाणी दे गं जरासं." हमीदाभाबीनं तांब्या आणून दिला. त्या तिथंच उभ्या राहून, वर न धरता, ओठ लावून प्यायल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, आणि मीही नंतर कधी विचारलं नाही.

गावी जाऊन त्यांनी मामंजींना सगळं सांगितलं, पाण्यासकट. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मामंजींनी त्यांना चुलीपासून बाजूला केलं. शुद्ध करून घेईपर्यंत त्यांच्या हातचं कुणी जेवलं नाही. आम्हाला पुतण्याकरवी निरोप आला, मुलीचं जावळ तिकडंच काढा. अर्थ स्वच्छ होता. ज्या घराबद्दल त्यांनी ह्यांना निघताना बजावलं होतं, त्या घराचा दरवाजा त्यांनी स्वतःच ओढून घेतला. मी मामंजींना दोष देऊन मोकळी होणार नाही. त्यांचं दुकान लुटलं गेलं होतं. पण लुटणाऱ्यांत बाबूभाई नव्हते, आणि यूसुफ तर जन्मलाही नव्हता.

आत्याबाईंनी भांडण केलं नाही. गावाकडून कुणी पुण्याला यायचं असलं की त्यांच्याबरोबर एक पुडकं यायचं. त्यात सगळं दोन असायचं. दोन टोपडी, दोन गोधड्या, पुढं राजगिऱ्याचे दोन लाडू. कुणासाठी ते त्यांनी कधी सांगून पाठवलं नाही, आणि आम्हीही कधी विचारून पाठवलं नाही. मामंजी गेल्यावर आत्याबाईंचं शेवटचं दुखणं सुरू झालं तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. शोभा पहिल्यांदा त्या घरात शिरली तेव्हा बारा वर्षांची होती. आत्याबाईंनी तिचा हात धरला, तिच्या मागं दाराकडं बघितलं आणि विचारलं, "दुसरा कुठाय?" ओसरीवरची माणसं म्हणाली, म्हातारीला भ्रम झाला. तो भ्रम नव्हता.

आता इथली शेतं उरली नाहीत. जिथं ज्वारी होती तिथं कंपन्यांच्या भिंती आहेत, आणि शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरतो. आमची पत्र्याची खोली जाऊन दोन खोल्यांचं पक्कं घर झालं, तेही बाबूभाईंच्या शेजारीच. कोपऱ्यात फ्रीज आहे. त्यात दूध ठेवताना मी अजूनही बाटलीचा तळ बघते. हे आता घरीच असतात. बाबूभाईंना डोळ्यांनी कमी दिसतं, आणि रद्दी वाचून दाखवायचं ह्यांचं काम अजून संपलेलं नाही. यूसुफ कारखान्यात फिटर आहे. तो मला दूधमा म्हणतो. शाळेत असताना यावरून त्याला दोन्हीकडच्या पोरांनी चिडवलं आणि त्यानं दोन्हीकडच्या पोरांना मारलं.

आता लग्नाचं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि आमच्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, हा मान आपल्याकडे भावाचा. शोभाच्या पाठीवर मला मूल झालं नाही. गावाकडून धाकट्या भावजींनी निरोप पाठवला की, चुलत भाऊ असताना परक्याला मान कशाला, मी माझ्या मुलाला घेऊन येतो, आणि तसं नसेल तर गावातलं कुणी मांडवात येणार नाही. मुलाकडचे सेलूचे. ते अजून काही बोललेले नाहीत, पण त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचली आहे. न बोलण्याची मला जास्त भीती वाटते. ठरलेलं लग्न मोडलं तर काय, हा विचार मी रोज करते.

यूसुफनं स्वतःहून येऊन सांगितलं, "दूधमा, मी बाहेर सोडा वाटतो. कान कुनी बी पिळू दे. तिचं लग्न नीट होऊ दे." तो हे मनापासून बोलला. शोभा आत पोळ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या कानाला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर मी पाटावरून उठेन, सांगून ठेवते." यूसुफ हसला. मला हसू आलं नाही, कारण ती उठेल.

तेव्हा आमचं उत्तर असं. कान यूसुफच पिळेल. हमीदाभाबीनं जे मोडता येत नाही म्हणून आधी सांगितलं होतं, ते आम्ही ऐकून, समजून घेतलं होतं. गरज होती तेव्हा घेतलं आणि मांडव पडल्यावर परत केलं, असं मला करता येणार नाही. मामंजींचं वाक्य मी विसरलेले नाही. घर तिथंच आहे, ओसरीही तशीच असेल. पण आम्ही दुसरीकडं घर बांधायला निघालो नव्हतो. आमच्या मुलीला जिथं भाऊ मिळाला तिथं ते आपोआप झालं.

लग्न आमच्याच दारात आहे. जेवण आमचं. मांडवातलं पाणी बाबूभाईंच्या घरचं असेल, त्यांच्या पेटीतल्या बर्फानं गार केलेलं. आत्याबाईंनी मला बघून प्यायला सांगितलं होतं, म्हणून तुम्हालाही मी ते आधीच सांगून ठेवते आहे. बघा, आणि मग या.